पायाचं पॅकेज

चतुराबाई फुलंब्रीहून थेट डॉक्टर कस्तुऱ्यांकडेच आल्या, कारण त्यांच्या शेजारच्या पुंजारामचा सडत चाललेला पाय याच डॉक्टरांनी वाचवला होता. शुगरमुळं चतुराबाईंचाही पाय तसाच चिघळला होता. डॉक्टरांनी जखम उघडून नीट पाहिली. चार-पाच वेळा भूल देऊन साफ केली असती, तर हाही पाय राहण्यासारखा होता.

दवाखान्यातून सरकारी योजनेची बिलं पाठवणारे फारूखभाई डॉक्टरांच्या मागोमाग केबिनमध्ये आले.

"पुंजारामची जखम पाचदा साफ केली साहेब, पैसे एकदाचेच आले. दोनदा लिहून पाठवलं, तरी नाय म्हणले. साफ करायचा कोड एका पेशंटला एकदाच चालतो. पाय कापायचं पॅकेज मात्र पूर्ण मिळतं."

"भूल देणाऱ्या डॉक्टरांचे पैसे मी खिशातून भरले तेव्हा," डॉक्टर म्हणाले.

"म्हणून तर विचारतो. आता कोणता कोड टाकू?"

"बाईंना काही बोललात का?"

"अजून काय नाय."

"मग कापायचा टाका."

मंजुरी दुपारच्या आत आली.

ऑपरेशननंतर पट्टी बदलायला गेलेल्या डॉक्टरांना चतुराबाईंच्या तोंडाकडे बघवेना. शेवटी त्यांनीच डॉक्टरांची समजूत काढली.

"लई मनाला लावून घेऊ नका साहेब. तुमच्या हातात असतं, तर तुमी ठेवलाच असता की माझा पाय."