शेवट कुणी सांगायचा नाही

“आजी, चित्र झकास आहे, आवाज खणखणीत आहे. टीव्हीत काडीचाही बिघाड नाही,” असं म्हणत कंपनीचा मेकॅनिक पिशवीची चेन ओढायला लागला.

“बिघाड नाही, तर माझी मालिका कुठे आहे?”

आजींनी कोपऱ्यातलं खोकं उचललं आणि त्याच्या पुढ्यात आदळलं. टीव्ही आल्यापासून आठवडाभर ते त्यांनी पुरावा म्हणून जपून ठेवलं होतं. खोक्यावर एक कुटुंब सोफ्यावर बसून हसत होतं आणि वर हातभर अक्षरांत छापलं होतं: ‘सुटलेले भाग बघा! मागाल ते, मागाल तेव्हा!’

“मी आठ दिवस मागतेय,” आजी म्हणाल्या. “दारावरचा भिकारीसुद्धा एवढा वेळ मागत नाही.”

मेकॅनिकने खोकं फिरवलं. तळाशी मोहरीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: ‘ही सोय निवडक मॉडेलमध्येच उपलब्ध.’ त्याने तिच्यावर बोट ठेवलं.

“ती सोय मोठ्या मॉडेलला असते, आजी. याला नाही, आणि मागाहून टाकताही येत नाही. खोकं तेवढं सगळ्यांना एकच छापतात.”

“म्हणजे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे!” म्हणत आजी मटकन खाली बसल्या.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नऊ वर्षं त्यांनी ती मालिका एक दिवस न चुकवता बघितली होती, आणि नेमकी शेवटच्या तीन आठवड्यांत डोळ्यांवर पट्टी आली. ऑपरेशनला जाताना त्यांनी घरादाराला आपल्या गळ्याची शपथ घातली होती, की शेवट कुणी सांगायचा नाही, मी माझ्या डोळ्यांनी बघेन. मालिकेतली थोरली सून तान्ह्या पोराला घेऊन घराबाहेर पडली होती. ती परत आली का, या एका प्रश्नापायी आजी तीन महिने झुरत होत्या. फोनवर बघायला डॉक्टरांची मनाई होती. आणि नसती, तरी नऊ वर्षं माणसाएवढी बघितलेली बाई आता मुंगीएवढी बघायला त्या तयार नव्हत्या.

घरानेही शपथ पाळली होती. विषय निघाला की आजोबा खाकरून म्हणायचे, “मी काही बोलणार नाही.” मुलगा म्हणायचा, “आई, धक्का बसेल तुला, एवढंच सांगतो.” सून नुसतीच गूढ हसायची.

आजींनी सुस्कारा सोडला. या टीव्हीच्या भरवशावर राहण्यात आता काही अर्थ नव्हता.

“शपथ सुटली,” त्या म्हणाल्या. “सांगा. थोरली परत आली की नाही?”

आजोबा खाकरले, पण पुढे काही आलं नाही.

“तू सांग,” ते मुलाला म्हणाले.

“बाबा, तुम्ही मोठे आहात.”

सून कुकर बघायला निघाली. कुकर अजून लावलेलाच नव्हता.

“कुणी कुठे जायचं नाही. आली की नाही?”

“आली,” आजोबा म्हणाले.

“नाही आली,” त्याच क्षणी मुलगा म्हणाला.

आजींनी एकेकाकडे पाहिलं. ऑपरेशननंतर त्यांना सगळं लख्ख दिसायला लागलं होतं. आजोबांचे कान लाल झालेले त्यांना बसल्या जागेवरून दिसले.

“आई, आम्ही बघितलीच नाही,” शेवटी सून म्हणाली.

“तीन आठवडे?”

“दोन दिवस लावून बघितली. ती धाकटी कपाटातून दागिने काढत होती आणि आम्ही तिघं नुसते बघत बसलो. तिला ‘सटवे’ म्हणायला कुणी नाही. ‘अगं मागे बघ, मागे बघ’ म्हणून ओरडायला कुणी नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी बंदच केली.”

“करमेना गं,” आजोबा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले.

“आणि तीन महिने माझ्यापासून लपवत काय होतात?”

“लपवायला काही नव्हतं, म्हणून तर जमलं,” मुलगा म्हणाला.

आजींना भरून आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून त्या चिडल्या. “नऊ वर्षांचं ते घर, आणि ऐन वेळेला त्याच्याकडे पाठ फिरवलीत? माणसं आहात की कोण?”

“थांब, आत्ता बघून सांगतो,” म्हणत मुलाने खिशातून फोन काढला. सुनेने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

“आई, तुम्हीच सांगा ना. काय झालं असेल?”

“काय व्हायचंय? आली असणार!” आजींनी पदर सावरला. “पण सरळ नाही यायची ती. मानी आहे. आधी त्या धाकटीचा नवरा तिला स्टेशनवर गाठणार. तो मेला कसला गप्प बसतोय!”

आजोबांनी खुर्ची वळवली आणि नव्या टीव्हीकडे पाठ करून बसले. मुलाने जमिनीवर बैठक मारली.

“आणि दागिने?” सुनेने विचारलं.

“तिथेच येतेय. दम धर.”

मेकॅनिक दारात बूट घालत होता. त्याला अजून तीन घरं करायची होती. एक पाय बुटात आणि एक बाहेर, असा तो तसाच थांबला.

“आजी, पण मुळात ही थोरली घर सोडून गेलीच का?”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आजोबा उठले आणि स्वयंपाकघरातून आणखी एक खुर्ची घेऊन आले.