भिंत वाजवून घ्या

घर घेताना भिंत वाजवून घ्यावी, हा माझा पहिला सल्ला. बावीस वर्षं घरं विकतोय. दोनदा टकटक केली की भिंत कुठे पोकळ, कुठे भक्कम, डोळे मिटून सांगतो. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही.

काल सातव्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये एका बाईंना तेच ऐटीत दाखवलं. बाहेरच्या भिंतीवर दोनदा टकटक केली. पलीकडूनही दोनदा आली.

“शेजारी कोण राहतं हो?” बाईंनी विचारलं.

“शेजार नाही, ताई. पलीकडे नुसतं आभाळ.”

मी पुन्हा हात उचलला, तोच भिंतीपलीकडून त्याच बाईंचा आवाज आला, “शेजारी कोण राहतं हो?”

आणि माझाच आवाज, तसाच ऐटीत: “कोणी नाही, ताई. पलीकडे नुसतं आभाळ.”