डिकीतली जागा

बशीवर कप टेकल्याचा आवाज झाला. आप्पा, माझे सासरे, म्हणाले, "बद्री, बसवून टाक ते गॅस किट. पेट्रोल लई महाग झालं बाबा."

"पडेगावचा मेकॅनिक उद्याच या म्हणतोय," हे म्हणाले. "फक्त गॅसच्या टाकीपायी सगळी डिकी जाईल."

"जाऊ दे की. डिकीत असतं काय आपल्या?"

सहा वर्षांच्या रेवाचा फ्रॉक तोकडा झाला होता. मी त्याची खालची दुमड उसवत होते. "रेवाची चाकाची खुर्ची असते," मी म्हणाले.

आप्पांनी यांच्याकडे पाहिलं. मग हे हसले. "तिला काय, उचलून नेऊ की! वजन तरी किती पोरीचं?" त्यांनी तिला उचलून गोल फिरवलं, तशी ती खिदळली. आप्पाही हसले. किट ठरलं.

रेवाला माझ्याजवळ बसवून हे मेकॅनिकला फोन लावायला बाहेर गेले. उसवलेला फ्रॉक मी तिच्या अंगाला लावून पाहिला. चांगली चार बोटं वाढली होती पोर.

"आई," तिनं हळूच विचारलं, "मी मोठी झाल्यावर मला कोण उचलणार?"