तयार ठेवलेला मृत्युलेख

“जित्या माणूसनं मरन लिखी ठेवू नको वं, पोरी. चांगलं नही शे ते,” असं धनुबाईंनी बजावलं, तेव्हा चेतना हसली होती. “आई, सगळीकडे असंच असतं. आधीच तयार ठेवावा लागतो.” सासूबाई लसूण सोलत राहिल्या.

त्याला चार महिने झाले. आज सकाळी साडेदहाला, पोरीला वरणभात भरवताना, तो लेख चेतनाच्या मोबाइलवर आला. ‘सॅक्सोफोनचे गिरधर मास्तर कालवश’. खाली तिचं स्वतःचं नाव.

परवाच तर ती मास्तरांशी बोलली होती.

तिनं पुण्याला संपादकाला फोन लावला. “पारस, जिवंत माणसाला मारलंस तू! लाज वाटते का?”

“शांत हो. खात्री करूनच साइटवर टाकलंय.”

“कसली डोंबलाची खात्री? ऐन लग्नसराई आहे. माणूस कुठल्या तरी वरातीत वाजवत असेल, आणि तू श्रद्धांजली वाहतोयस!”

“मग लाव ना त्यांना फोन.”

तिनं लावला. वाजून वाजून बंद झाला. तिला नवल वाटलं नाही. वरात असली की मास्तरांचा फोन बँडच्या गाडीत पडून असायचा. तिला संताप आला होता तो पारसचा.

पारसची साइट जॅझ आणि रॉक संगीताची. चेतना पुण्यात शिकत होती तेव्हापासून तिथं लिहायची. आधी कॉलेजांतल्या रॉक बँडांवर, मग जॅझवर. लग्न होऊन पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत आली, तरी तिनं सोडलं नाही. कानाला हेडफोन, हातानं टायपिंग आणि पायानं पाळण्याची दोरी. पण आठ वर्षांत पारसनं तिचं जे काही कुरकुर न करता छापलं, ते मृत्युलेख. जिवंत कलावंतावर लिहिलं की त्याचं ठरलेलं, “कोण वाचणार?”

मास्तर तिला तळोद्यात भेटले, एका वरातीत. नवरदेवापुढे नुसता धांगडधिंगा, आणि त्यात हा सत्तरीचा माणूस हळदीच्या गाण्याच्या मधोमध सॅक्सवर अशी वळणं घेत होता, की ती मांडव सोडून घोड्यामागे चालतच राहिली. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवलेला माणूस. ना बायको, ना मूल. बँडच्या दुकानामागच्या खोलीत एकटा राहायचा. त्यांच्यावरचा लेख पारसनं दोनदा परत पाठवला. दुसऱ्यांदा वर लिहिलं, ‘गेले की नक्की टाकू. तसा करून ठेव.’

चिडून तिनं ते मास्तरांना जसंच्या तसं सांगितलं. ते खो खो हसले. “मंग तसंच लिख ना, ताई! पन मन्हासमोर वाच.” तिनं वाचला. त्यांनी एक साल दुरुस्त केलं, ‘थोर’ हा शब्द काढायला लावला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. तेव्हापासून प्रत्येक फोनवर तीच थट्टा. “काय ताई, मन्हा लेख ऊना का?”

परवाही त्यांनी तेच विचारलं. पोर रडून लाल झाली होती. “मास्तर, तुम्ही आहात तोवर नाही येणार तो!” असं म्हणून तिनं फोन ठेवला होता.

आता तिनं पारसला परत धरलं. “आत्ताच्या आत्ता काढ तो लेख.”

“दोन तासांत अकरा हजार लोकांनी वाचलाय, चेतना. तुझं आजवर इतकं कुणी...”

“मेल्यावर वाचतात, म्हणून मारायचं?”

“अगं, सकाळी आठला त्यांच्याच नंबरवरून फोन आला होता. घरचंच माणूस होतं.”

“त्यांना घरचं माणूसच नाही! कुणीतरी टवाळाने फोन उचलून खेळ केलाय, आणि तू मूर्खासारखा भुललास.”

“माझे सगळे कॉल रेकॉर्ड होतात. पाठवतो. ऐक, मग घाल शिव्या.”

“इतकी का चिल्लाई ऱ्हायनी वं? पोर दचकी ऱ्हायनी,” म्हणत धनुबाईंनी नातीला उचलून कडेवर घेतलं.

“मरू दे,” चेतना म्हणाली, आणि लगेच तिनं जीभ चावली. लेखाखालच्या प्रतिक्रियांच्या रकान्यात ती दणादण टाइप करू लागली. ‘गिरधर मास्तर जिवंत आहेत. ही बातमी खोटी आहे. चूक संपादकाची आहे आणि...’

तेवढ्यात पारसचं रेकॉर्डिंग आलं. टवाळाचा आवाज ओळखता येतो का बघावं म्हणून तिनं ते लावलं.

“नमस्कार,” माणूस अगदी सावकाश, स्वच्छ शहरी मराठीत बोलत होता. “गिरधर मास्तर गेले. आज सकाळीच. चेतनाताईंकडे लेख तयार आहे. आता छापायला हरकत नाही.” शेवटच्या वाक्याआधी त्यानं छाती भरून एक लांब श्वास घेतला, सॅक्स तोंडाला लावण्याआधी घेतात तसा. मास्तर स्वतः बोलत होते.

चेतनानं टाइप केलेलं सगळं पुसलं आणि लिहिलं, ‘तळोद्याचं कुणी हे वाचत असाल, तर बँडच्या दुकानामागच्या खोलीवर आत्ता जा. हाक मारा. दार उघडलं नाही तर तोडा. मी निघालेय, पण मला पाऊण तास लागेल.’