दुसऱ्या गिअरचे दात

"सलूनच जिंकली," गार्गी कॅमेऱ्याकडे बघून हसत म्हणाली, आणि मनातून तिला स्वतःचीच किळस आली.

तिच्या व्हिडिओत दोन जुन्या गाड्यांची टक्कर होती. एक होती नव्वद वर्षांची ब्रिटिश रेसिंग कार. दार नाही, छप्पर नाही, पण आरेच्या रस्त्यावर सुटली की अंगावर काटा यावा. दुसरी साठच्या दशकातली स्पोर्ट्स सलून. चार दारं, गुबगुबीत सीटा, वेगातही पोटातलं पाणी हलणार नाही अशी. दोन्ही मुलुंडच्या अनंतकाकांच्या. खरं सांगायचं तर रेसिंग कारपुढे सलून पासंगालाही पुरत नव्हती. तरी गार्गीने व्हिडिओत ठोकून दिलं, "रेसिंग कारचा गिअरबॉक्स आता थकलाय."

तो थकला नव्हता, तिने मोडला होता. त्या गाडीत गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो, हे काकांनी निघताना बजावलं होतं. चढावर ती नेमकी विसरली. खालून कर्रकन आवाज आला. काका तेव्हा पुढे टपरीवर चहा पीत थांबले होते. "कशी वाटली?" त्यांनी विचारलं. "एकदम झकास, काका!" म्हणत ती सलूनमध्ये जाऊन बसली. रेसिंग कार काकांनी घरी नेली.

गाडी मोडल्याचं बाहेर फुटलं असतं, तर जुन्या गाड्यांच्या एकाही मालकाने तिला दारात उभं केलं नसतं. तिचा चॅनल त्यांच्याच जिवावर चालायचा.

व्हिडिओ लोकांनी उचलून धरला. आठवडाभराने काकांचा फोन आला, "जरा येऊन जा गं."

गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडून ठेवला होता. "दुसऱ्या गिअरचे दात उडालेत," काका म्हणाले. तिने नजर गिअरबॉक्सवरच ठेवली. काका पुढे बोलू लागले.

"माझाच पराक्रम. त्या दिवशी घरी आणताना मोडले असणार. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तुझी जयंतीकाकू कधीची म्हणतेय, तुमचे हात थरथरतात, आता स्टिअरिंग सोडा. मी तिच्याशी भांडायचो. पण तुझा व्हिडिओ बघितला आणि पटलं, गाडी थकली तसा मीही थकलोय. संध्याकाळी नाशिकचा माणूस येतोय, ही गाडी त्याला देऊन टाकतो. सलूनला ड्रायव्हर ठेवतो. तू तोंडावर खरं बोललीस, बरं केलंस."

ते हे इतक्या शांतपणे बोलले की गार्गीला तिथे उभं राहवेना. गप्प बसली असती तर कधीच कुणाला कळलं नसतं.

"काका, ते मी मोडले," ती म्हणाली. "चढावर. क्लच एकदाच दाबला. आणि व्हिडिओत धडधडीत खोटं बोलले."

ती शिव्या खायला तयार होती. खरं तर तिला त्या हव्याच होत्या. पण काकांनी आपले दोन्ही हात समोर धरले, उलटसुलट करून पाहिले, आणि घराच्या दिशेने जोरात हाक मारली.

"जयंती, अगं ऐकलंस का! माझे हात चांगले आहेत गं!"