श्वास सोडा

“पोट आत ओढू नका. श्वास सोडा,” शिवणाची टेप हातात धरून दमयंती म्हणाली.

“सोडलाय,” अच्युतराव ओठ न हलवता पुटपुटले. शर्ट वर धरलेला, छाती फुगलेली, चेहरा लालबुंद.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर अंगातल्या चरबीचा अंदाज घ्यायला डॉक्टरांनी नवऱ्याच्या कमरेचं माप तिच्याकडे मागितलं होतं. टेप बेंबीच्या रेषेत हवी, आवळायची नाही, असं बजावलंही होतं. दवाखान्यातून घरी आणल्यापासून ती त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपत होती. त्यांच्या जवळ जायलाही घाबरायची.

आज मात्र तिने सरळ गुदगुल्या केल्या. अच्युतराव खो खो हसत सुटले. हसून दमल्यावर श्वास आपसूक सुटला आणि लपवलेलं सगळं पोट बाहेर आलं.

“ही फसवणूक आहे!”

“ही खरी कंबर आहे,” म्हणत तिने दोन्ही हातांनी टेप पाठीमागून फिरवली. तेव्हा तिचा कान त्यांच्या छातीला टेकला. आत ठोके एका लयीत, शांतपणे पडत होते.

टेपची टोकं केव्हाच जुळली होती. तरी ती हलली नाही.

“किती भरली?” त्यांनी धास्तावून विचारलं.

“थांबा हो,” डोळे मिटून ती म्हणाली, “अजून मोजतेय.”