कड्यापर्यंतची सहल

"मान वर करा," ताई म्हणाली आणि तिनं टेप त्याच्या गळ्याभोवती फिरवली.

"जरा सैल, ताई. जीव घ्याल माझा!" तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा हसला.

"डोंगरात वारा बोचतो. कॉलर घट्टच हवी."

ताईचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. कापायच्या टेबलावर आज कापडाऐवजी राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा पसरला होता. ताईनं शोधून आणलेला ट्रॅव्हल्सवाला त्यावर पेन्सिलीनं वाटा काढत बसला होता. माणूस कमी बोलणारा.

गेल्या वर्षी याच उद्यानात ताईची धाकटी बहीण कड्यावरून पडली. पहाटे एकटीच सूर्योदय बघायला गेली, मी खोलीत गाढ झोपलो होतो, असं तिच्या नवऱ्यानं सांगितलं. तो कडा आपण आधी कधी पाहिला नाही, नंतर पाहायची छाती झाली नाही, हेही तो डोळे पुसत सांगायचा. ऐकणाऱ्यांचा गळा भरून यायचा.

ताईचा यायचा नाही. धाकटी पडदा अडकवायला स्टुलावरसुद्धा चढत नसे. ती कड्यावर जाईल, तीही एकटी?

पण ताईनं तोंडातून ब्र काढला नाही. त्याला डबे पाठवले, त्याच्या शर्टांची बटणं लावून दिली. तो पाठमोरा उभा राहिला की मात्र तिचे हात शिवशिवायचे. मग वर्ष सरता सरता ती म्हणाली, "एकदा मला त्या जागी घेऊन चला. चार फुलं ठेवीन आणि मोकळी होईन." त्यानं आढेवेढे घेतले, पण नाही म्हटलं तर चारचौघांत बरं दिसलं नसतं.

"कड्यावर आम्ही दोघंच जाऊ," ताई मापं लिहीत म्हणाली. "बाकी कुणी नको."

"मग पहाटे निघा," ट्रॅव्हल्सवाला म्हणाला. "त्या वेळी वर चिटपाखरू नसतं."

"अहो, यांचे गुडघे!" धाकटीचा नवरा म्हणाला. "खालूनच नमस्कार करू की."

"गुडघ्यांचं मी बघते," ताई म्हणाली. "तुम्ही फक्त सोबत या."

"वर बसायला बाक आहे," ट्रॅव्हल्सवाल्यानं पेन्सिल टेकवली. "आणि पुढे छातीइतका लोखंडी कठडा. घाबरायचं काही कारण नाही."

"कसला कठडा घेऊन बसलात?" धाकटीचा नवरा नकाशावर वाकला. "बाकाच्या पुढे नुसती पिवळी दोरी आहे, तीही लोंबणारी. ताई, तुम्ही आपल्या बाकावरच बसा हं, पुढे नका जाऊ."

ताईनं डोळे मिटून घेतले.

"दोरी होती खरी," ट्रॅव्हल्सवाला सावकाश म्हणाला. "कठडा मोडला म्हणून आदल्या संध्याकाळी रखवालदारानं तात्पुरती बांधली होती. ताईंची बहीण पडली, त्याच सकाळी आम्ही ती काढून नेली आणि तिच्याबद्दल बाहेर कळू दिलं नाही. ती दोरी पाहिलेला माणूस आम्ही वर्षभर शोधतोय."

"आम्ही म्हणजे?" त्याचा आवाज चिरकला. "तुमची ट्रॅव्हल्स कंपनी ना?"

ट्रॅव्हल्सवाल्यानं खिशातून पोलिसाचं ओळखपत्र काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.